गाठ कुणाच्या हातची?

कापूस पिकवणाऱ्याने आयुष्यात सहसा एकही गाठ विकलेली नसते. वेचणीची मजुरी तो किलोवर देतो, माल क्विंटलवर विकतो. गाठ बांधली जाते ती माल त्याच्या हातून सुटल्यावर, जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात. तिचा भाव तर त्याहून पुष्कळ लांब कुठेतरी ठरतो. जालना जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला पहिली-दुसरी वेचणी घरात आलेली असते. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कितीतरी घरांत माणसांपेक्षा कापसालाच जागा जास्त लागत असेल. पोरं ढिगावर उड्या मारतात, झोपणाऱ्यांचं अंग खाजतं आणि घरचा कर्ता रोज फोनवर एकच चौकशी करतो: आज काय भाव निघाला?

मराठीत गाठीला तोटा नाही. पैसा गाठीला असतो किंवा नसतो. खूणगाठ मनाशी बांधतात, रेशीमगाठी वर कुठेतरी बांधल्या जातात. निवडणूक आली की पुढाऱ्यांच्या गाठीभेटी सुरू होतात आणि भांडण पेटलं की ‘माझ्याशी गाठ आहे’ असं बजावलं जातं. जालन्यात मात्र हा शब्द आधी वजनकाट्यावर चढतो. १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचं पोट कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी, बियाणं, पोलाद आणि अलीकडे रेशीम यांवर चालतं. यांतल्या बहुतेकांची आपापली एक गाठ आहे. ती कोण मारतं, कोण सोडतं, हे पाहत गेलं की जिल्ह्याचा बराचसा हिशेब कळतो.

कापसापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जड गाठ तीच.

आपल्याकडे रुईची प्रमाण गाठ १७० किलोची धरतात. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका गाठीसाठी पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याला एकराला पाच क्विंटल पडला तर त्याचं एक एकर म्हणजे एक गाठ. हा हिशेब सोपा आहे, पण बाजारात तो असा सरळ कधीच कानावर येत नाही. रुईचा सौदा होतो खंडीवर, आणि खंडी म्हणजे ३५५.६ किलो. इंग्रजी अमदानीतलं हे माप मेट्रिक पद्धत येऊन इतकी वर्षं झाली तरी हललेलं नाही. खंडीचा भाव, रुईचा उतारा, सरकीचा दर, प्रक्रियेचा खर्च हे सगळं एकत्र करून क्विंटलभर कापसाची किंमत काढायची असते. व्यापारी ती तोंडी काढतो. शेतकऱ्याला फक्त उत्तर मिळतं, गणित दाखवत कुणी नाही.

जिनिंगमध्ये कापूस आधी साफ होतो. मग रेच्यांवर, म्हणजे दोन रोलरच्या यंत्रांवर, रुई आणि सरकी वेगळी होते. रुई प्रेसमध्ये दाबतात आणि तारेने किंवा पट्टीने आवळतात. आवळलेल्या प्रत्येक गाठीला नंबर मिळतो आणि नमुना काढून तपासणी होते. धाग्याची लांबी किती, ताकद किती, जाडी किती, कचरा किती, हे यंत्र सांगतं. इथे गोष्ट उलटी आहे. जिथे गुणवत्ता मोजली जाते तिथे शेतकरी नाही आणि जिथे शेतकरी आहे तिथे गुणवत्ता मोजली जात नाही. त्याचा माल मुठीत दाबून, डोळ्यांनी पारखून घेतला जातो. यंत्र लागतं ते फक्त ओलाव्यासाठी. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. लांब धाग्याचं चांगलं वाण लावून निगुतीने वेचणाऱ्याचा आणि पालापाचोळ्यासकट ओरबाडून आणणाऱ्याचा कापूस एकाच ढिगात पडतो. दोघांच्या मेहनतीतला फरक गाठीत मिसळून जातो.

सरकीची गंमत वेगळीच. तेल काढल्यावर उरलेली पेंड परत गावात येते, दुकानातून, पैसे मोजून. कापूस विकणाराच ती विकत घेऊन म्हशीला घालतो. स्वतःच्या शेतातलं काही परत त्याच्या घरी येतं ते असं, दर लावून.

सरकारने ही गाठ एकदा स्वतःच्या हातात घेऊन पाहिली होती. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघाला द्यायचा, महासंघाने गाठी करून विकायच्या आणि नफा झाला तर शेतकऱ्याला हमीभावावर वाढीव रक्कम द्यायची, अशी कल्पना. कागदावर हे उत्तम होतं, कारण शेतकऱ्याचा हात पहिल्यांदाच गाठीपर्यंत पोचत होता. प्रत्यक्षात चुकारे रखडले, केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारीत वशिले चालले, तोटा साचत गेला आणि शेजारच्या राज्यांत भाव चढला की रात्रीतून माल सीमेपलीकडे जाऊ लागला. सुमारे तीस वर्षांनी योजना मोडीत निघाली. तिच्यावर टीका करणारे खूप आहेत आणि टीका खोटीही नाही. तरी त्या योजनेतली एक गोष्ट पुढे बरीच वर्षं कुणी आणली नाही. किमती चढल्या तर पिकवणाऱ्याचा वाटा चढावा, हे तत्त्व.

त्यानंतर भाव ठरवणारा हात आणखी लांब गेला. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा जालन्यात कुणी काही वेगळं केलं नव्हतं. पुढच्या हंगामांत तो घसरला तेव्हाही कुणी काही चुकलं नव्हतं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क हटवलं आणि ही सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे इथली पहिली वेचणी घरात येण्याच्या वेळेलाच परदेशातल्या गाठी बंदरात बिनशुल्क उतरत होत्या. गिरण्यांची गरज मी नाकारत नाही. पण वेळ पाहा.

*

कापसाची गोष्ट जालन्यात बियाण्याशिवाय पुरी होत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरू झालेलं काम संकरित कापसापर्यंत आणि पुढे बीटीपर्यंत गेलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परागीभवन हाताने करायचं, फुलं झाकायची, दोरा बांधून खूण ठेवायची, अशी बीजोत्पादनाची कामं करता करता जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचे हात तयार झाले. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि काही वर्षं बोंडअळीची चिंता मिटल्यासारखी झाली. मग गुलाबी बोंडअळीने बीटीतलं अळी मारणारं प्रथिन पचवायला सुरुवात केली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राची बोंडं आतून पोखरली गेली.

ही अळी स्वतःच गाठ मारते. कोवळ्या फुलात शिरली की पाकळ्या धाग्याने आतून शिवून टाकते. फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबासारखं दिसतं. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. पऱ्हाटीत डोमकळी दिसली की अळी आली, हे पोरसोरही सांगेल. डोमकळ्या तोडून जाळायच्या, कामगंध सापळे लावायचे, फरदड, म्हणजे हंगामापुढे लांबवलेलं पीक, न घेता पऱ्हाट्या वेळेत काढून टाकायच्या, ही सगळी शिफारस ठरलेली आहे. फरदडीचा मोह मात्र सुटत नाही. उभ्या झाडाला जानेवारीत आणखी दोन क्विंटल लागणार म्हटल्यावर हात कसा उचलणार?

आता या अळीवरचा एक उपायही गाठीचाच आहे. पीबी नॉट या नावाने येणारी ही बारीक नळीसारखी दोरी. तिच्यात मादी पतंगाच्या वासाचं रसायन भरलेलं असतं. ठरलेल्या अंतरावर पऱ्हाटीला तिची गाठ मारायची. शिवारभर मादीचा वास दरवळतो, नराला खरी मादी सापडत नाही आणि मीलन टळतं. पतंगांची लग्नगाठ पडू नये म्हणून माणसाने मारलेली ही गाठ मला फार आवडते. यात विष फवारायचं नसतं. मात्र तिची एक अट आहे आणि आपल्याकडे तीच अवघड जाते. लगतचं मोठं क्षेत्र एकत्र बांधावं लागतं. तुम्ही दोन एकरांत बांधली आणि बांधापलीकडच्याने नाही बांधली, तर त्याच्याकडे मीलन झालेली मादी तुमच्याकडे येऊन अंडी घालणार. भावकीत बोलणं बंद असलेल्या गावात हे तंत्र चालवून दाखवणं सोपं नाही.

जमिनीखाली गाठींचे दोन पक्ष आहेत. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी येतात आणि त्या हवेतला नत्र पिकाला देतात. फुलोऱ्याच्या आधी एखादं रोप हलक्या हाताने उपटावं, गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे, हिरवट-करडी असली तर नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेलं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण इथे बऱ्याच शेतांत आहे. त्याला पेरणीआधी जिवाणू संवर्धक चोळायला फारसा खर्च येत नाही, तरी अनेक जण चोळत नाहीत. दुसऱ्या पक्षातल्या गाठी सूत्रकृमींच्या. डाळिंबाच्या आणि भाजीपाल्याच्या मुळांवर त्या येतात आणि झाड कारण न कळता सुकत जातं. हलकं चोळल्यावर सुटते ती पहिली, मुळाचाच भाग होऊन बसते ती दुसरी. एवढी ओळख पटली तरी औषधांचा बराच खर्च वाचेल.

अंगावरच्या गाठींबद्दल थोडंच, पण सांगायलाच हवं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात लम्पीची साथ दिसली आणि पाहता पाहता मराठवाड्यातल्या गोठ्यांत शिरली. गाईबैलांच्या कातडीवर गाठी उठल्या, बैलबाजार बंद झाले. शेवटी शेळीच्या देवीची लस टोचून साथ आवरली. जनावराच्या अंगावर गाठ दिसली की गावभर धावपळ होते. घरातल्या बाईला छातीत गाठ लागली तर ती महिनोन्‌महिने सांगत नाही, कारण ती दुखत नाही. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या लेकीसुनांनी आईला आणि सासूबाईंना हे एकदा विचारावं.

*

रेशीम ही जालन्यातली नवी गोष्ट. मराठवाड्यात तुती वाढली ती पाण्याच्या तंगीतून. उसापेक्षा कमी पाण्यात ती भागते आणि महिन्याभरात हातात पैसा येतो. पण कोष विकायला बंगळूरजवळच्या रामनगरला जावं लागायचं. पोत्यात कोष, रात्रभराचा प्रवास, परकी भाषा आणि लिलावात मिळेल तो भाव. कोष थांबत नाही. आतला पतंग वेळेवर भोक पाडून बाहेर येतो आणि धागा तुटतो. म्हणून ‘आज नको, उद्या विकू’ असं रामनगरात कुणाला म्हणता येत नव्हतं. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत राज्यातली पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली आणि प्रवासाची ही सक्ती संपली. कापसात जे पन्नास वर्षांत साधलं नाही, ते रेशमात थोडंफार साधलं. निदान लिलाव डोळ्यांसमोर होतो.

अळी चार वेळा कात टाकते, शेवटच्या अवस्थेत रात्रंदिवस पाला खाते. रात्री शेडमध्ये उभं राहिलं तर खाण्याचा आवाज ऐकू येतो. मग ती चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढते आणि दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती हजार मीटरच्या आसपास अखंड धागा गुंडाळते. सगळी किंमत त्या अखंडपणाची. गरम पाण्यात कोष मऊ करून टोक शोधतात, आठ-दहा कोषांचे धागे एकत्र ओढून एक धागा करतात. मध्ये तुटला की जोड द्यावा लागतो आणि प्रत्येक जोड हा सुतातला दोष मोजला जातो. रेशीमगाठीचं एवढं कौतुक करणाऱ्या भाषेला हे ठाऊक नसावं की रेशमाच्या धंद्यात गाठ ही तूट आहे.

त्याहून मजेशीर प्रकार डबल कोषाचा. कधी कधी दोन अळ्या जागेअभावी एकत्र येतात आणि दोघी मिळून एकच कोष विणतात. धागे एकमेकांत असे गुंततात की टोक धरून उलगडता येत नाहीत. खऱ्या अर्थाने रेशीमगाठ म्हणायची तर हीच. लिलावात तिला सगळ्यांत कमी भाव. निवड करणाऱ्या बाया ढिगातून ती झटक्यात बाजूला काढतात. तिच्यातून निघणारा जाडाभरडा, गुठळ्यांचा धागा डुपियन म्हणून विकला जातो आणि शहरातल्या दुकानांत त्या गुठळ्यांनाच सौंदर्य म्हणतात. शेतकऱ्याला मात्र डबलचे पैसे डबल मिळत नाहीत.

पैठण इथून दूर नाही. मागावर जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला जोडावा लागतो, हजारो धागे, मान मोडून. हे काम बऱ्याचदा घरातल्या बायका करतात. पैठणीच्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच सफाईदार असते, म्हणून तिची तारीफ होते. त्या तारिफेत या न दिसणाऱ्या हातांचाही वाटा आहे आणि पैठणीवर नाव कुणाचं असतं ते आपल्याला माहीत आहे.

*

जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध गाठ बांधलीच गेली नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ मध्ये, पुढे समर्थ म्हणून ओळखला गेलेला नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना ‘सावधान’ हा शब्द कानावर पडला आणि तो मांडवातून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? पुढे टाकळीची तपश्चर्या, देशभरची भ्रमंती आणि चोवीस वर्षांनी आईची गाठ, असा क्रम परंपरा सांगते. गाव आज जांब समर्थ म्हणून ओळखलं जातं. त्या कथेत एक माणूस नेहमी राहून जातो. अंतरपाटाच्या पलीकडे उभी असलेली मुलगी. तिचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही.

बाकीच्या मांडवांत गाठ पडतेच. उपरण्याच्या आणि शालूच्या टोकात सुपारी, हळकुंड, तांदूळ, नाणं घालून करवली ती मारते आणि बऱ्याच घरांत सोडण्याचा मानही तिचाच, पैसे घेतल्याशिवाय सोडत नाही. हातातलं हळदीचं कंकण एका हाताने सोडायचा खेळ असतो. मुलीकडच्या बाया त्यात मुद्दाम निरगाठ मारतात आणि नवरदेवाचं हसं होतं. या सगळ्यात थट्टामस्करी आहे आणि गाठ सुटूही शकते हे कबूल करण्याची एक जुनी सोयही.

पण अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या पट्ट्यातून दिवाळीनंतर ट्रकभर माणसं ऊसतोडीला जातात, त्यांच्या गाठीची गोष्ट निराळी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराचा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला उचल कमी. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने सोयरीक जुळवतात. अशा लग्नाला मराठवाड्यात एक बोचरं नाव आहे: गेटकेन लग्न. कार्यक्षेत्राबाहेरून कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या उसाचं नाव लग्नाला लावलं गेलं. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण असावा, असं २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा म्हणतो. फडात वय कोण विचारणार? घरी म्हाताऱ्यांजवळ मुलगी ठेवायची भीती, सोबत न्यायची तर कोपीत भीती. आईबापाला दोष देणं सोपं आहे. उचलीचा हिशेब जोडीऐवजी माणशी झाला आणि गावातलं हंगामी वसतिगृह दिवाळीआधी उघडलं, तर यातल्या निम्म्या अक्षता आपोआप पुढे ढकलल्या जातील, असं माझं मत आहे.

त्याच फडात एक सुंदर गाठ पाहायला मिळते. तोडलेल्या उसाची मोळी बांधायला ना सुतळी लागते ना तार. उसाचंच वाढं घ्यायचं, पिळायचं, मोळीखालून काढून टोकं एकमेकांत खुपसायची. पहाटेच्या अंधारात बाई ती न पाहता मारते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढली तरी सुटत नाही. गव्हाणीत पडल्यावर तिची कुणाला आठवण नसते.

गुरांच्या दाव्याचीही अशीच विद्या होती. केकताड, अंबाडी यांचा वाख काढून दोर वळण्याचं काम गावोगावचा मातंग समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला. कासरा, सोल, चऱ्हाट, नाडा हे सगळं त्यांच्या हातचं. दाव्याला सुरगाठ मारायची हे बैलकऱ्याच्या पोराला आधी शिकवलं जायचं. गोठ्याला आग लागली तर एका हिसक्यात जनावर मोकळं झालं पाहिजे. नायलॉनचा दोर स्वस्त आला, टिकाऊ आला. पावसात तो कुजत नाही, पण त्याची गाठ गुळगुळीत, एकतर सरकते नाहीतर कायमची बसते. वाखाबरोबर ते कौशल्य आणि त्यावरची वर्षाची बलुत्याची मिळकतही गेली. बलुतं गेल्याचं दुःख करू नये. कौशल्याला नवं गिऱ्हाईक कुणी शोधून दिलं नाही, याचं जरूर करावं.

जालन्याचं दुसरं दोरखंड लोखंडाचं. भंगार वितळवून इथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल्स सळई करतात आणि ती राज्यभरच्या स्लॅबमध्ये जाते. सळ्या एकमेकींना बांधतात त्या मऊ तारेच्या गाठीने, हातातल्या आकड्याला दोन गिरक्या देऊन. एका स्लॅबला अशा हजारो गाठी. गंमत म्हणजे ही गाठ भार पेलत नाही. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सळ्या जागेवर धरून ठेवायच्या, एवढंच तिचं काम. नंतर ती आत गाडली जाते.

समुद्राशी जालन्याचा संबंध नाही, तरी नॉट हा शब्द इथे लागू पडतो. पूर्वी गलबतावरून गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत. सुमारे १४.४ मीटरवर एक गाठ. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जितक्या गाठी हातातून सरकतील तितका वेग, म्हणून जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. २०१५ च्या डिसेंबरात जालन्याजवळ ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं. इथल्या गाठी, बियाणं आणि सळई इथूनच कंटेनरमध्ये भरून थेट जहाजावर जावी, असा बेत. त्यानंतरच्या कामाचा वेग कोणत्या दोरीने मोजावा, हे वाचकांनीच ठरवावं.

*

आता पुन्हा ओसरीतल्या ढिगाकडे.

गाठ शेतकऱ्याच्या हातात येऊच शकत नाही, असं नाही. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात कापसासाठी वेगळी योजना आहे. एका गावाने एकच वाण लावायचं, वेचणी स्वच्छ करायची, माल एकत्र करून जिनिंगमध्ये पैसे देऊन स्वतःच्या गाठी करून घ्यायच्या आणि रुई लिलावाने विकायची. सरकी हातात राहते ती वेगळी. एकाधिकार योजनेचं जे चांगलं तत्त्व होतं ते यात आहे, आणि महासंघाऐवजी गट असल्याने चूक झाली तर ती आपली आपल्याला दिसते. धोकेही आहेत. पैसे उशिरा येतात, भाव पडूही शकतो, साठवणीला आणि विम्याला खर्च येतो, गटातल्या एकाने ओला माल घातला तर सगळा लॉट बदनाम होतो. म्हणून सगळा कापूस यात घालायला मी कुणाला सांगणार नाही.

पण हिशेब करून पाहा. शंभर गाठींचा एक लॉट म्हणजे पाचशे क्विंटल कापूस. पन्नास घरांनी दहा-दहा क्विंटल काढले की झालं. एवढं मोठं गाव जिल्ह्यात शोधावं लागत नाही. प्लास्टिकच्या गोण्यांऐवजी सुती कापडात वेचा, कारण गोणीचा एक धागा रुईत गेला तरी पुढे कापडावर डाग दिसतो. जिनिंगवाल्याशी आधी कागदावर ठरवा: गाठीमागे मजुरी किती, घट किती धरायची, सरकी कुणाची. रुईचा उतारा मोजताना गटातली दोन माणसं काट्याजवळ उभी करा. आणि प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीचा नंबर व वजन स्वतःच्या वहीत उतरवून घ्या.